दोन दिवसांची बंदी : अँड्रिया डनबारचं नाटक आणि रॉयल कोर्ट

लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाने १३ डिसेंबर २०१७ रोजी जाहीर केलं, की जानेवारीत ठरलेले ‘रिटा, सू अँड बॉब टू’ (‘रिटा, सू आणि बॉबसुद्धा’) या नाटकाचे प्रयोग रद्द करत आहोत. १५ डिसेंबरला त्याच नाट्यगृहाने जाहीर केलं, की प्रयोग होतील. बातमी म्हणून एवढंच. गदारोळ उठला, निर्णय फिरला, जानेवारीत पडदा वर गेला.

तरीही रंगभूमीशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला वाटतं. निर्णय घेणारी माणसं दुष्ट नव्हती. उलट लैंगिक छळाबद्दल अनेकजण मूग गिळून बसले होते त्या काळात ती पुढे येऊन बोलत होती. आणि ज्या लेखिकेच्या नाटकावरून हे झालं, ती अँड्रिया डनबार तेव्हा हयात नव्हती. २० डिसेंबर १९९० ला, म्हणजे वादाच्या सत्तावीस वर्षं आधी, ती गेली होती. तिची बाजू मांडायला तिची संहिता तेवढी शिल्लक होती, आणि त्या दोन दिवसांच्या आरडाओरड्यात ती कुणी नीट उघडून पाहिली असेल असं वाटत नाही.

नाटकात आहे काय

रिटा आणि सू पंधरा वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या मैत्रिणी. बॉब सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला. या दोघी त्याच्याकडे मुलं सांभाळायला येतात. रात्री नवराबायको घरी परतल्यावर बॉब त्यांना गाडीतून घरी सोडायला निघतो आणि घराकडे न नेता गाडी गावाबाहेर माळावर काढतो.

हा नाटकाचा पहिलाच मोठा प्रवेश. रंगमंचावर गाडीच्या सीटा आणि तीन माणसं, बाकी काही नाही. बॉब गप्पा मारता मारता विषय हवा तिकडे वळवतो, खिशातून निरोध काढतो आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगू लागतो. मुली खिदळतात, एकमेकींना कोपरखळ्या मारतात, आधी कोण यावरून त्यांची हुज्जत होते. प्रेक्षागृह हसतं. संवाद इतके अचूक आहेत की हसू आवरत नाही. इंग्लंडमध्ये संमतीचं वय सोळा आहे, म्हणजे समोर जे चाललंय तो सरळ गुन्हा आहे. पण नाटकातलं कुणीही प्रेक्षकाकडे वळून तसं म्हणत नाही. सूची आई बोलते, बॉबची बायको मिशेल बोलते, त्यांचं भांडण रस्त्यावर येतं, तरी लेखिका स्वतः मध्ये पडत नाही.

ही डनबारची रीत आहे आणि ती समजल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. तिच्या नाटकात माणसं जशी बोलतात तशी बोलतात. कुणाच्या तोंडी लेखिकेचं मत घातलेलं नसतं. आपण मघाशी कशाला हसलो हे प्रेक्षकाला थोड्या वेळाने कळतं आणि तो खुर्चीत जरा सावरून बसतो. मुली बिचाऱ्या नाहीत. त्यांना मजा हवी आहे, गाडीतून फिरायला हवं आहे, वस्तीबाहेर कुठेतरी जायला हवं आहे. नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं १९८२ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. शाळा सुटल्यावर या पोरींपुढे काय वाढून ठेवलं होतं ते वेगळं सांगायला नको. बॉबकडे गाडी आहे, एवढ्याने तो त्यांच्या जगात मोठा माणूस ठरतो. पिळवणूक दाखवायची तर पीडिता रडवेली असायला हवी, हा संकेत डनबारने पाळला नाही. २०१७ मध्ये हीच गोष्ट अडचणीची ठरली.

हिरव्या बॉलपेनने लिहिलेली पानं

डनबारचा जन्म २२ मे १९६१ चा, उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांवर गबर झालेलं हे शहर. ती वाढली ते बटरशॉ या कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) भाडेवसाहतीत, ब्रॅफर्टन आर्बर नावाच्या रस्त्यावर. घरात सात भावंडं. आईवडील दोघंही कापड धंद्यातले कामगार. महायुद्धानंतर बांधलेल्या अशा वसाहती सुरुवातीला कामगारांना स्वर्ग वाटल्या होत्या, कारण घरात नळ आणि संडास होता. गिरण्या बसत गेल्या तशी त्यांची रया गेली.

पहिलं नाटक तिने १९७७ मध्ये शाळेत लिहायला घेतलं, इंग्रजीच्या परीक्षेसाठीचा स्वाध्याय म्हणून. रस्त्याचंच नाव त्याला दिलं : ‘द आर्बर’. त्यात पंधराव्या वर्षी गरोदर राहिलेली एक मुलगी आहे, दारू पिऊन घर डोक्यावर घेणारा बाप आहे, आणि वर्णद्वेषाने भरलेल्या गोऱ्यांच्या वस्तीत तिचा पाकिस्तानी मित्र आहे. नायिकेला नाव नाही, ती नुसती ‘मुलगी’. शिक्षकांनी तिला लिहितं ठेवलं. पुढे ती पहिल्या मुलीला घेऊन कीथली इथल्या, मारहाण सोसून आलेल्या बायकांसाठीच्या निवाऱ्यात राहायला गेली, आणि नाटक तिथून हातोहात रॉयल कोर्टच्या तरुण लेखकांच्या महोत्सवापर्यंत पोहोचलं. वहीतून फाडलेली पानं, त्यावर हिरव्या बॉलपेनने लिहिलेलं नाटक, अशी ती संहिता होती. दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्कने पुढे ही आठवण अनेकदा सांगितली.

१९८० च्या मार्चमध्ये त्या महोत्सवात ‘द आर्बर’ झालं. लेखिका तेव्हा अठरा वर्षांची होती. रॉयल कोर्टमध्ये ज्यांचं नाटक झालं अशा लेखकांत ती सर्वात लहान मानली गेली. बीबीसीच्या ‘अरीना’ या कलाविषयक मालिकेत ती झळकली. मूळ लहानशा नाटकाला तिने दुसरा भाग जोडला आणि ते मोठ्या रंगमंचावर गेलं, पुढे न्यूयॉर्कलाही. मग ‘रिटा, सू अँड बॉब टू’ आलं आणि १९८६ मध्ये तिसरं आणि शेवटचं ‘शर्ली’. पहिल्या दोन नाटकांचा पहिला दिग्दर्शक स्टॅफर्ड-क्लार्कच.

वर्तमानपत्रांना ‘झोपडपट्टीतली प्रतिभा’ ही चौकट फार आवडली. अशा कौतुकात एक खवचट गृहीतक दडलेलं असतं : हिने पाहिलं तसं लिहिलं, यात कारागिरी कसली? वीस वर्षं आधी शीला डिलेनीच्या वाट्याला हेच आलं होतं. सॅलफर्डच्या या मुलीचं ‘अ टेस्ट ऑफ हनी’ १९५८ मध्ये पूर्व लंडनमध्ये जोन लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपने केलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि नाटक खरं लिटलवुडनेच रचलं असावं अशी कुजबुज झाली. कामगाराची पोर नाटक लिहिते म्हटल्यावर लोक तिच्या मागे कोण आहे ते आधी शोधतात.

डनबारच्या संहितेत कारागिरी नाही असं ज्याला वाटतं त्याने गाडीचा प्रवेश मोठ्याने वाचून बघावा. कोण कुठे तोडतं, कोण कुणाचं वाक्य उचलतं, बॉबचा आवाज कुठे मऊ होतो आणि कुठे घाईला येतो, हे टेपरेकॉर्डरवरून उतरवून घेतलेलं नाही. नेमकं काय गाळायचं हे तिला ठाऊक होतं.

१९८७ मध्ये ॲलन क्लार्कने ‘रिटा, सू अँड बॉब टू’ हा चित्रपट केला. पटकथा डनबारचीच, पहिल्या दोन नाटकांवर आधारलेली. पण शेवट गोड करण्यासाठी दुसऱ्यांकडून लिहून घेतल्यावर तिने चित्रपटाशी नातं तोडलं. ‘थॅचरचं ब्रिटन, चड्डी खाली घेतलेलं’ अशा अर्थाची जाहिरात करून तो विकला गेला आणि गाजलाही. बटरशॉमधली बरीच माणसं भडकली, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून. ती मात्र त्याच वस्तीत राहत होती. तीन मुलं पदरात, पिणं वाढलेलं. वस्तीतल्याच पबमध्ये तब्येत बिघडली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि एकोणतिसाव्या वर्षी ती गेली.

दरवाजा आणि दरवान

स्टॅफर्ड-क्लार्क १९७९ ते १९९३ रॉयल कोर्टचा कलासंचालक होता. तिथून बाहेर पडून त्याने ‘आउट ऑफ जॉइंट’ ही फिरती नाट्यसंस्था काढली. डनबारला तो विसरला नाही. २००० मध्ये त्याने ‘रिटा, सू’ पुन्हा बसवलं आणि त्याच्या जोडीला ‘अ स्टेट अफेअर’ हे नवं नाटक केलं. त्यासाठी लेखक रॉबिन सोन्स आणि नटमंडळी बटरशॉला जाऊन रहिवाशांशी बोलली, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे रंगमंचावर आणले. वीस वर्षांत वस्तीत हेरॉइन आलं होतं. डनबारच्या मुलीचे शब्द त्यात आहेत : आईने आज हे नाटक लिहिलं असतं तर रिटा आणि सू गर्दुल्ल्या असत्या.

मग २०१७. आउट ऑफ जॉइंटने बोल्टनच्या ऑक्टॅगॉन नाट्यगृहाबरोबर ‘रिटा, सू’ची नवी निर्मिती केली. स्टॅफर्ड-क्लार्क आणि केट वॉसरबर्ग असे दोन दिग्दर्शक. सप्टेंबरमध्ये प्रयोग सुरू झाले. दौरा करत नाटक जानेवारीत रॉयल कोर्टला, म्हणजे आपल्या जन्मघरी, यायचं होतं.

म्हणजे १९८० पासून २०१७ पर्यंत डनबारच्या नाटकांचा रंगमंचावरचा प्रवास मुख्यतः एकाच माणसाच्या हातून झाला. त्याने तिला शोधलं, लिहायला लावलं, ती गेल्यावर जिवंत ठेवलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उपकाराची दुसरी बाजू अशी, की लेखिकेचं नाव आणि दिग्दर्शकाचं नाव लोकांच्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलं. दरवानालाच दरवाजा समजण्यासारखा हा प्रकार. तो हटला की रस्ताच बंद झाला असं वाटू लागतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर

हॉलिवूडचा निर्माता हार्वे वाइनस्टाइन याच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने ५ ऑक्टोबर २०१७ ला छापली आणि त्याचे हादरे लंडनच्या नाट्यगृहांनाही बसले. त्याच महिन्यात ब्रिटिश वृत्तपत्रांत आलं, की आउट ऑफ जॉइंटमधल्या एका तरुण महिला सहकाऱ्याने अश्लील बोलण्याबद्दल औपचारिक तक्रार केल्यावर स्टॅफर्ड-क्लार्कला संस्था सोडावी लागली आहे. पाठोपाठ आणखी काहीजणींनी आपले अनुभव सांगितले. त्याच्या वतीने माफी मागण्यात आली. २००६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि त्याचा वागण्यावर परिणाम झाल्याचं कारणही पुढे करण्यात आलं.

रॉयल कोर्टची कलासंचालक तेव्हा व्हिकी फेदरस्टोन होती, त्या पदावरची पहिली स्त्री. तिने वाट पाहिली नाही. २८ ऑक्टोबरला ‘नो ग्रे एरिया’ नावाने दिवसभराचा कार्यक्रम घेतला. नाट्यक्षेत्रात काम करणाऱ्यांनी पाठवलेले छळाचे दीडशे अनुभव त्यात रंगमंचावरून वाचले गेले. पुढच्या महिन्यात वागणुकीची आचारसंहिताही आली. इतर मोठ्या संस्था वकिलांचा सल्ला घेत बसल्या असतील, रॉयल कोर्टने रंगमंच मोकळा करून दिला. याचं श्रेय फेदरस्टोनला द्यायलाच हवं.

आणि मग समोर आली जानेवारीची तारीख. ज्या दिग्दर्शकाविरुद्ध तक्रारी झाल्या त्याने बसवलेलं नाटक. विषय : पंधरा वर्षांच्या मुलींना नादी लावणारा मोठा माणूस. रंगमंच तोच, जिथे दीडशे कहाण्या वाचल्या गेल्या. पोटात गोळा येणं साहजिक होतं.

१३ डिसेंबरचं निवेदन रॉयल कोर्ट आणि आउट ऑफ जॉइंट यांनी मिळून काढलं. आशय असा : दिग्दर्शक संस्थेतून बाहेर पडला आहे; आमच्या रंगमंचावर नुकत्याच दीडशे कहाण्या ऐकल्या गेल्या; अशा वेळी त्याच रंगमंचावर तरुण मुलींना नादी लावण्याचा आणि सत्तेच्या गैरवापराचा विषय असलेलं हे नाटक करणं आम्हाला अत्यंत विसंगत वाटतं.

कारण एक की दोन?

या निवेदनात दोन वेगवेगळी कारणं एका दमात आली आहेत आणि सगळा घोटाळा तिथे आहे. पहिलं कारण दिग्दर्शक. दुसरं कारण नाटकाचा विषय.

दिग्दर्शक हेच कारण असेल तर त्याला उपाय होते. वॉसरबर्ग सहदिग्दर्शक होती, संस्थेची धुरा तिच्याकडे आली होती, दौरा तो गेल्यानंतरही चालू होता. त्याचं नाव कुठे आणि कसं छापायचं, त्याला मानधन कोणतं द्यायचं, प्रयोगाआधी किंवा नंतर प्रेक्षकांशी काय बोलायचं, हे सगळं व्यवहारात सुटण्यासारखं होतं. दौऱ्यावरची बाकीची नाट्यगृहं ते सोडवत होतीच. रिटा आणि सू करणाऱ्या दोन तरुण अभिनेत्रींचं यात काय चुकलं होतं, हा प्रश्न तर अगदीच साधा.

विषय हे कारण असेल तर गोष्ट फार गंभीर होते. मग रॉयल कोर्ट असं म्हणतं, की १९८२ मध्ये आम्हीच पहिल्यांदा केलेलं, पिळवणूक कशी घडते ते उघडं करून दाखवणारं, ती जवळून पाहिलेल्या मुलीने लिहिलेलं नाटक, पिळवणुकीबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा आम्हाला नको आहे. दीडशे कहाण्या ऐकायला लोक जमले; ही एकशे एक्कावन्नावी कहाणी होती, आणि ती इतरांच्या पस्तीस वर्षं आधी लिहून ठेवलेली होती.

दोन्ही कारणं एकत्र बांधल्यामुळे शिक्षा भलत्यालाच झाली. ज्याच्यावर आरोप होते तो आधीच बाहेर पडला होता. जानेवारीचे प्रयोग रद्द करून त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते नटांचं, तंत्रज्ञांचं आणि लेखिकेचं.

मी याला सेन्सॉरशिप म्हणायला कचरतो, जरी त्या दोन दिवसांत हा शब्द सर्वाधिक वापरला गेला. आपल्याकडे ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी परिनिरीक्षण मंडळ होतं, कात्री होती, कमलाकर सारंगांनी कोर्टात जाऊन दिलेली लढाई होती. तिथे सरकार समोर होतं आणि कुणाशी भांडायचं हे स्पष्ट होतं. इथे सरकारी माणूस कुठेच नाही. नाट्यगृहाने स्वतः, चांगल्या हेतूने, दुखावल्या गेलेल्यांची काळजी म्हणून नाटक मागे घेतलं. अशा बंदीशी भांडणं जास्त अवघड असतं, कारण ती घालणाऱ्याला आपण बंदी घालतोय असं वाटतच नाही.

यात वर्गाचा मुद्दा कुठे येतो? नुसतं ‘कामगारवर्गातल्या बाईचा आवाज दाबला’ म्हणून भागणार नाही. नेमकं काय झालं ते बघू. ‘नो ग्रे एरिया’त वाचलेल्या कहाण्या नाट्यक्षेत्रात काम करणाऱ्यांच्या होत्या. तालमीच्या खोलीत, ऑडिशनला, पार्टीत घडलेल्या. रिटा आणि सू त्या जगातल्या नाहीत. त्या तक्रार करत नाहीत, छळाची भाषा वापरत नाहीत, स्वतःला पीडित म्हणवून घेत नाहीत. त्या हसतात, शिव्या देतात, पुन्हा गाडीत बसतात. सुशिक्षित मध्यमवर्गाला आपल्या वेदनेची जी भाषा ओळखीची वाटते ती या पोरींकडे नाही. म्हणून त्यांचं नाटक त्या रंगमंचावर साक्ष वाटण्याऐवजी अपमान वाटलं.

अशा मुलींचं बोलणं कानाआड करण्याची किंमत इंग्लंडला ठाऊक होती. ब्रॅडफर्डपासून फार लांब नसलेल्या रॉदरम या शहराबद्दलचा प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांचा चौकशी अहवाल २०१४ मध्ये आला. १९९७ ते २०१३ या काळात तिथे किमान १,४०० मुलांची लैंगिक पिळवणूक झाली असा त्यात अंदाज आहे. पोलिसांनी अनेक मुलींना बळी मानण्याऐवजी तुच्छतेने वागवलं, हे त्यातलं एक मुख्य निरीक्षण. या मुली असल्याच, स्वतःच्या पायाने जातात, ही ती वृत्ती. डनबारच्या नाटकात मोठी माणसं रिटा-सूबद्दल जे बोलतात त्यात आणि या वृत्तीत मला फारसा फरक दिसत नाही.

निर्णय फिरतो

दोन दिवस टीकेची झोड उठली. लेखक, नट, समीक्षक, उत्तर इंग्लंडमधले प्रेक्षक, सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. १५ डिसेंबरला फेदरस्टोनने नवं निवेदन काढलं. कामगारवर्गातल्या स्त्रीचा आवाज बंद केल्याच्या आरोपाने आपण मुळापासून हादरलो, असं तिने त्यात कबूल केलं, आणि नाटकाला पुन्हा बोलावलं. नव्या संदर्भात ते पाहिलं गेलं तर नव्या चर्चांना वाट मिळेल, असा विश्वास व्यक्त केला.

मोठ्या संस्थेचा प्रमुख दोन दिवसांत जाहीरपणे माघार घेतो हे क्वचित दिसतं. बहुतेक संस्था समिती नेमतात आणि विषय थंड होऊ देतात. या वेगाची दुसरी बाजू अशी, की पहिला निर्णयही त्याच वेगाने झाला असावा. संहिता, सहदिग्दर्शक, नटसंच, दौऱ्यावरचे आधीचे प्रेक्षक हे सगळं हाताशी असताना घेतलेला निर्णय इतक्या लवकर उलटतो, तेव्हा तो मुळात नाटकाबद्दल नव्हता, संस्थेच्या प्रतिमेबद्दल होता असं म्हणावं लागतं. आणि उलटण्याचं कारणही बऱ्याच अंशी प्रतिमाच. आधी एका बाजूने बदनामीची भीती, मग दुसऱ्या बाजूने.

जानेवारी २०१८ मध्ये प्रयोग झाले. टाज अटवाल आणि जेमा डॉबसन यांनी रिटा आणि सू केल्या, जेम्स ॲथर्टनने बॉब. रिटाची भूमिका दक्षिण आशियाई वंशाच्या अभिनेत्रीने केली ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ब्रॅडफर्ड १९८२ च्या मानाने किती बदललंय ते त्यातून आपोआप सांगितलं गेलं, कुणी भाषण न ठोकता.

तिच्यामागे काय राहिलं

तीन नाटकं, एक चित्रपट, तोही तिने नाकारलेला. एवढ्या ऐवजावर डनबारचा प्रभाव इतका लांब का टिकला?

सर्वात भक्कम पुरावा क्लिओ बर्नार्डचा २०१० चा चित्रपट ‘द आर्बर’. बर्नार्डने डनबारचे नातलग आणि ओळखीची माणसं यांच्याशी बोलून ध्वनिमुद्रणं केली आणि पडद्यावर नट त्या खऱ्या आवाजांवर ओठ हलवतात. पहिली पाच मिनिटं हे विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की प्रत्येक अडखळणं, प्रत्येक सुस्कारा खऱ्या माणसाचा आहे आणि चेहरा उसना. यांचं जगणं आपल्याला थेट दिसतंय या भ्रमात चित्रपट आपल्याला राहू देत नाही. मधे मधे ‘द आर्बर’ नाटकातले प्रवेश ब्रॅफर्टन आर्बरच्या मधल्या हिरवळीवरच केले आहेत. गवतावर सोफा मांडलेला, नट बाप आणि मुलीचं भांडण करतायत, आणि भोवती वस्तीतली माणसं उभी राहून बघतायत. १९८० मध्ये लंडनच्या उच्चभ्रू स्लोन स्क्वेअरमधल्या प्रेक्षकांनी जे पाहिलं ते तीस वर्षांनी त्या रस्त्यावर परत आलं. याच चित्रीकरणात भेटलेल्या एका मुलावरून बर्नार्डला पुढचा चित्रपट सुचला, ‘द सेल्फिश जायंट’, २०१३ मध्ये आलेला, तोही ब्रॅडफर्डचाच.

वादाच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ॲडेल स्ट्राइपची डनबारच्या आयुष्यावरची कादंबरी आली. २०१९ मध्ये ब्रॅडफर्डच्या फ्रीडम स्टुडिओज या नाट्यसंस्थेने त्या कादंबरीचं नाटक केलं, रूपांतर लिसा होल्ड्सवर्थचं. इथे पहिल्यांदा ठळकपणे असं दिसतं, की डनबारची गोष्ट सांगणाऱ्या बायका आहेत, उत्तरेकडच्या आहेत, आणि १९८० चा दिग्दर्शक त्यांच्या गोष्टीतलं एक पात्र झालाय. दरवान आणि दरवाजा इथे वेगळे झाले. त्यासाठी कुणाला प्रयोग रद्द करावे लागले नाहीत.

बटरशॉमध्ये मात्र तिच्याबद्दल एकमत कधीच नव्हतं. आमची लाज काढली म्हणणारे होते आणि आमची म्हणून मिरवणारेही. मला हा विरोध प्रामाणिक वाटतो. आपल्या गल्लीबद्दल लंडनचे लोक तिकीट काढून हसतायत हे कुणाला आवडेल? लेखिका त्यांच्यातलीच होती, त्याच दुकानात जात होती, म्हणून राग जास्त.

एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे हे प्रयोग संपल्यावर तीनेक महिन्यांत, ब्रिटनमधल्या कलाक्षेत्रातल्या विषमतेवरचा ‘पॅनिक’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. संगीत, रंगभूमी आणि दृश्यकला या क्षेत्रांत काम करणाऱ्यांपैकी कामगारवर्गातून आलेले १८.२ टक्के. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि रेडिओत १२.४ टक्के. डिसेंबरात डनबारच्या आवाजासाठी जे तावातावाने बोलले त्यांतल्या किती संस्थांनी हे आकडे आपापल्या दारावर लावून पाहिले कोण जाणे.

डनबारसारखी दुसरी कुठून येणार, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तिची संहिता कुठल्या वाटेने गेली ते जरा बघावं. परीक्षेचा स्वाध्याय म्हणून नाटक लिहू देणारी सरकारी शाळा. मुलीला घेऊन आलेल्या तरुण आईला खोली देणारा निवारा, आणि तिथे वहीची पानं वाचून ती पुढे पाठवावीशी वाटलेली कुणीतरी. मग नाव नसलेल्यांची हस्तलिखितं मागवणारा महोत्सव. यांतलं निम्मं सार्वजनिक पैशावर चालत होतं, आणि रॉयल कोर्ट सोडलं तर कुणाच्याही उद्दिष्टांत नाटककार घडवणं हे कलम नव्हतं.